अपघाताचा क्लेम आणि मदतीला आलेली कंपनी

रस्ते अपघातात जखमी झालेला माणूस शुद्धीवर येत नाही तोच रुग्णालयात कोणी ‘क्लेम कन्सल्टंट’, म्हणजे भरपाईच्या दाव्याचे काम करून देणाऱ्या कंपनीचा माणूस, हजर होतो आणि नातेवाइकांसमोर सह्यांसाठी कागद ठेवतो. ही मदत नेहमीच खोटी नसते. पोलीस ठाणे, आरटीओ आणि रुग्णालय यांच्याकडून कागद गोळा करण्याचे कष्ट अशा कंपन्या खरोखर वाचवतात. मात्र मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दावेदाराची बाजू कंपनी मांडू शकत नाही, ती दावेदाराला स्वतः किंवा वकिलामार्फत मांडावी लागते. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारावा की वकीलपत्र कोणाच्या नावे आहे, आणि त्या वकिलांना स्वतः भेटावे.

दुसरा प्रश्न पैशांचा. मिळणाऱ्या भरपाईत वाटा ठरवून फी घेण्यास बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनी वकिलांना मनाई केली आहे. कंपनी टक्केवारी मागत असेल, तर वकिलाची फी त्यात आहे की वेगळी, आणि दावा फेटाळला गेल्यास काय द्यावे लागेल, हे लेखी घ्यावे. कोरा चेक, कोरा स्टॅम्प पेपर किंवा रक्कम परस्पर स्वीकारण्याचे मुखत्यारपत्र कोणत्याही परिस्थितीत देऊ नये.

कंपनी नेमली तरी मूळ कागद आपल्याकडेच ठेवावेत आणि तिला झेरॉक्स प्रती द्याव्यात. एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, वाहनाच्या विम्याचा तपशील, डिस्चार्ज कार्ड, औषधांची प्रत्येक पावती, उत्पन्नाचा पुरावा आणि अपंगत्वाचे प्रमाणपत्र यांवर दावा उभा राहतो. यांपैकी उत्पन्न आणि अपंगत्व यांकडे सर्वाधिक लक्ष द्यावे, कारण बहुतेक रक्कम तिथेच ठरते. समजा, ३८ वर्षांच्या रिक्षाचालकाची कमाई महिना २०,००० रुपये होती आणि पायाच्या दुखापतीमुळे कमावण्याची क्षमता ३० टक्के घटली, तर वार्षिक नुकसान ७२,००० रुपये होते. त्या वयाला लागू असलेल्या १५ या गुणकाने (वार्षिक नुकसानाला ज्याने गुणतात तो वयानुसार ठरलेला आकडा) ते १०,८०,००० रुपये होते, आणि उपचारखर्च व वेदनांची भरपाई याखेरीज. प्रमाणपत्रावरील टक्का आणि कमाईतील घट या एक गोष्टी नव्हेत: तीच दुखापत टेबलावर बसून काम करणाऱ्याला कमी आणि चालकाला कितीतरी जास्त बाधते. हा फरक साक्षीपुराव्यात आणणारा वकील मिळाला, तरच कंपनीचा उपयोग झाला असे मी म्हणेन.

मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार, १ एप्रिल २०२२ पासून, अपघातानंतर सहा महिन्यांत अर्ज करण्याची मुदत आहे. ‘पाहू पुढे’ म्हणणाऱ्या एजंटावर विसंबू नये. अपघात परगावी झाला असला तरी आपण राहतो तेथील न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. धडक देणारे वाहन सापडलेच नाही, तर मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५०,००० रुपयांची स्वतंत्र योजना आहे.

महिला, मुले, अपंग व्यक्ती, अनुसूचित जाती-जमातींचे लोक यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. हेल्पलाइन १५१०० आहे. कंपनीशी करार करण्याआधी येथे चौकशी करावी.

लोकअदालतीत तडजोड होत असेल, तर वरीलप्रमाणे हिशेब कागदावर मांडून घ्यावा आणि मगच सही करावी, कारण त्या निवाड्यावर अपील करता येत नाही.