मातीशिवाय पहिलं रोप : एका डब्यापासून सुरुवात

हायड्रोपोनिक्स, म्हणजे मातीऐवजी खतयुक्त पाण्यात रोपं वाढवणं, म्हटलं की पांढरे पाइप, घरघरणारा पंप आणि जांभळे दिवे डोळ्यांसमोर येतात, आणि घरी करून बघायची इच्छा तिथेच विरते. पहिलं रोप वाढवायला यातलं काहीच लागत नाही. झाकणाचा एक डबा, पाणी, योग्य खत आणि उजेड एवढ्यावर लेट्यूसचा भरदार गड्डा तयार होतो. हवाई विद्यापीठातले बी. ए. क्रॅटकी यांनी ही बिनपंपाची पद्धत मांडली, म्हणून ती क्रॅटकी पद्धत म्हणून ओळखली जाते. नवख्याने इथूनच सुरुवात करावी असं मला मनापासून वाटतं, कारण मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते हे या एका डब्यात स्वच्छ दिसतं.

कुंडीत पाणी साचलं की रोप मरतं ते मुळं गुदमरल्यामुळे. मग पाण्यातच वाढणारं रोप जगतं कसं? रोप जसजसं पाणी पितं तसतशी डब्यातली पातळी खाली जाते आणि झाकण व पाणी यांच्यामध्ये दमट हवेची पोकळी तयार होते. या पोकळीतली वरची मुळं हवा घेऊ लागतात, खालची पाणी आणि अन्न घेतात. पंपाचं काम ही पोकळीच करते.

रोप आणि डबा

लेट्यूस, तुळशीच्या कुळातलं बेसिल, पालक, पुदिना यांपैकी एक निवडा. टोमॅटो-मिरची पहिल्या खेपेला नको; त्यांना पाणी खूप लागतं, खताचं प्रमाण मध्येच बदलावं लागतं आणि आधारही द्यावा लागतो.

लेट्यूसच्या एका रोपाला साधारण 4 लिटरचा डबा पुरतो. खाद्यपदार्थांसाठीचं प्लास्टिक असेल तर उत्तम. डब्यातून प्रकाश मात्र अजिबात आत जाता कामा नये. खतयुक्त पाण्याला उजेड मिळाला की शेवाळ धरतं आणि ते रोपाचं अन्न खातं. पारदर्शक डबा असेल तर त्याला बाहेरून काळा आणि त्यावर पांढरा रंग द्या. काळा प्रकाश अडवतो, पांढरा उष्णता परतवतो. झाकणाला नेट पॉट, म्हणजे जाळीची छोटी कुंडी, घट्ट बसेल एवढं भोक पाडा. कडेला फट राहिली तर डास आत जाऊन अंडी घालतात, त्यामुळे ती बुजवा.

बी रुजवणं

ओल्या स्पंजच्या तुकड्याला चीर देऊन त्यात दोन बिया ठेवा. लेट्यूसचं बी खोल दाबू नका, त्याला रुजायला उजेड लागतो. थंडाव्यात ते चटकन रुजतं, 30 अंशांच्या वर मात्र बऱ्याचदा रुजतच नाही. अंकुर दिसताच रोप चांगल्या उजेडात आणा, नाहीतर ते उंच आणि मरतुकडं होतं. बीजपत्रांनंतरची दोन-तीन खरी पानं फुटली आणि स्पंजखालून मूळ डोकावलं की रोप डब्यात जायला तयार आहे. याला साधारण दोन आठवडे लागतात. दोन्ही बिया रुजल्या असतील तर अशक्त रोप कात्रीने कापा. उपटलं तर दुसऱ्याची मुळं दुखावतात.

पाण्यात काय मिसळायचं

इथे घाई करू नका. कुंडीसाठीचं साधं खत पाण्यात चालत नाही. मातीतले जिवाणू त्यातल्या युरियाचं रूपांतर रोपाला सहज घेता येईल अशा नायट्रेटमध्ये करतात; डब्यात हे जिवाणू पुरेसे नसतात. त्यामुळे हायड्रोपोनिक्ससाठीच बनवलेलं खत घ्या. ते बहुतेक वेळा ए आणि बी अशा दोन बाटल्यांत मिळतं, आणि त्याला कारण आहे. एका बाटलीत कॅल्शियम असतं, दुसरीत सल्फेट आणि फॉस्फेट. ही दोन्ही घट्ट द्रावणं थेट एकमेकांत ओतली तर पांढरा साका तळाशी बसतो आणि ते अन्न मुळांना मिळत नाही. आधी डबाभर पाण्यात ए घालून ढवळा, मगच बी घाला.

खताचं प्रमाण ईसी मीटरने, म्हणजे पाण्याची विद्युतवाहकता मोजणाऱ्या यंत्राने, मोजा; जितके क्षार जास्त, तितकी ईसी जास्त. लेट्यूसला 0.8 ते 1.2 mS/cm पुरतं. विरघळलेले क्षार दाखवणाऱ्या टीडीएस मीटरचे पीपीएम (दशलक्ष भागांत किती) आकडे वेगवेगळ्या कंपन्या वेगळ्या हिशोबाने दाखवतात, म्हणून तुलना करायची तर ईसीच धरा. खत मिसळून झाल्यावर पीएच, म्हणजे पाण्याची आम्लता, तपासा. तो 5.5 ते 6.5 मध्ये असावा. नळाचं जड पाणी पीएच वर ओढतं. तो उतरवायला पीएच डाउन (पीएच कमी करणारं आम्लाचं द्रावण) थेंबाथेंबाने घाला आणि प्रत्येक वेळी ढवळून पुन्हा मोजा.

रोप बसवणं, आणि नंतर हात आवरणं

स्पंज नेट पॉटमध्ये ठेवून भोवती धुतलेले क्ले बॉल्स, म्हणजे भाजलेल्या मातीचे हलके गोळे, भरा. पॉटचा तळ जेमतेम 1 सेंटिमीटर पाण्यात बुडेल एवढीच पातळी ठेवा. लख्ख उजेडाची खिडकी हवी. ती नसेल तर एलईडी ग्रो लाइट रोज 12 ते 14 तास लावा. पाणी 18 ते 24 अंशांत राहिलं तर उत्तम. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि मुळं कुजवणारी बुरशी फोफावते, म्हणून डब्यावर थेट ऊन पडू देऊ नका.

पुढच्या आठवड्यांत पातळी उतरताना दिसेल आणि डबा पुन्हा काठोकाठ भरावासा वाटेल. माझं पहिलं छान वाढलेलं रोप मी असंच गमावलं. हवेत वाढलेली मुळं पाण्याखाली गेली आणि दोन दिवसांत पानं माना टाकून बसली. फार कमी झालं तर निम्म्या ताकदीचं थोडं द्रावण तळाशी घाला, पण पोकळी शाबूत ठेवा.

पानं काय सांगतात

जुनी, खालची पानं पिवळी पडू लागली तर नायट्रोजन कमी पडतोय. कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या, असं दिसलं तर लोह मिळत नाही; बहुधा पीएच चढलेला असतो, म्हणून खत वाढवण्याआधी तो मोजा. आतल्या कोवळ्या पानांच्या कडा करपल्या तर तिथवर कॅल्शियम पोचत नाही. अशा वेळी छोटा पंखा लावून हवा खेळती ठेवा. मुळं पांढरी किंवा फिकट तपकिरी असणं ठीक. ती बुळबुळीत झाली आणि वास येऊ लागला, तर ते रोप काढून टाका.

बी पेरल्यापासून सहा-सात आठवड्यांत काढणी होते. बाहेरची पानं आधी खुडत गेलात तर आतली आणखी काही दिवस येत राहतात. उरलेलं द्रावण मातीतल्या कुंड्यांना घाला. डबा साबणाने घासून, सौम्य ब्लीचने धुऊन, भरपूर पाण्याने खळबळून वाळवा आणि पुढचं रोप लावा. खंड पडू द्यायचा नसेल तर पहिलं रोप डब्यात गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनीच पुढचं बी स्पंजमध्ये घाला.