डाय हाऊसमधला हायड्रॉस: साठवण, वापर आणि ड्रम तापला तर

डाय हाऊसमध्ये, म्हणजे सूत रंगवायच्या कारखान्यात, कॉस्टिक सोड्याला सगळे वचकून असतात, कारण ते लगेच भाजतं. हायड्रॉसचं तसं नाही. पिठीसाखरेसारखी पांढरी पावडर, हाताला लागली तर फार तर चुरचुरते, त्यामुळे ती कशीही हाताळली जाते. सोलापुरात टॉवेल-चादरींच्या सुतावर व्हॅट रंग (एरवी पाण्यात न विरघळणारा पक्का रंग) चढवायचा तर हायड्रॉस, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट, लागतोच. वाहतुकीच्या नियमांत मात्र त्याची गणना आपोआप पेटणाऱ्या पदार्थांत होते.

त्याला पेटायला ठिणगी लागत नाही, ओल पुरते. ओल लागलेली पावडर विघटित होऊन तापते. ड्रमच्या पोटात ती उष्णता अडकते, तापल्यामुळे विघटन आणखी वाढतं आणि सल्फर डायऑक्साइड सुटतो. बादलीभर पाण्यात चमचाभर हायड्रॉस टाकला तर काही होत नाही, कारण उष्णता पाणी पिऊन टाकतं. ड्रमभर हायड्रॉसवर तांब्याभर पाणी सांडलं तर ते फक्त विघटन सुरू करून देतं, थंड करायला पुरत नाही. पुढचं सगळं या एका फरकावर उभं आहे.

साठवणीची जागा निवडताना आधी वर बघा. गळका पत्रा, वाफेची पाइप, पाण्याचा व्हॉल्व्ह, यांच्याखाली ड्रम नको. एप्रिल-मेमध्ये पारा 42-43 अंशांवर जातो तेव्हा पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त उकडतं. म्हणून छताला लागून थप्पी लावू नका. उकडतं म्हणून स्टोअरला डेझर्ट कूलर लावणं तर उलटंच, तो दिवसभर दमट हवा ड्रमांवर सोडतो. एक्झॉस्ट फॅन लावा. ड्रम लाकडी पॅलेटवर नको, लोखंडी स्टँडवर ठेवा. फरशी धुतली तरी बूड कोरडं राहतं आणि जळायला लाकूडही उरत नाही. ॲसेटिक ॲसिड, हायपो (ब्लीचिंगचं सोडियम हायपोक्लोराइट) आणि पेरॉक्साइड वेगळ्या खोलीत हवेत. ॲसिड लागलं की गॅस धडाधड सुटतो, पेरॉक्साइड किंवा हायपोशी गाठ पडली तर प्रतिक्रिया आवरत नाही.

वजन करताना माप आणि हात दोन्ही कोरडे हवेत. घामेजल्या हाताने किंवा बाथमध्ये, म्हणजे रंगाच्या पाण्यात, बुडवलेल्या मापाने ड्रममध्ये हात घालणं ही नेहमीची चूक. आतली प्लॅस्टिक पिशवी लगेच पिळून बांधा, झाकणाची क्लिप लावा. काढलेली पावडर उरली तर ती ड्रममध्ये परत टाकायची नाही; हवेतली ओल तिने घेतलेली असते.

बाथमध्ये आधी कॉस्टिक, मग हायड्रॉस. कॉस्टिक असताना हायड्रॉस टिकतो, नसताना गॅस होऊन उडतो आणि नाकाबरोबर खिशालाही झोंबतो. व्हॅटचा बाथ बहुधा 50 ते 60 अंशांवर चालतो. त्यात पावडर थोडी थोडी भुरभुरवत सोडा. बादलीत पावडर घेऊन वर पाणी ओतायचं नाही. नेहमी पाण्यात पावडर.

काडी ओढल्यावर येतो तसा उग्र वास आला की तो सल्फर डायऑक्साइड. 1948 च्या कारखाने कायद्यात आठ तासांच्या कामासाठी त्याची मर्यादा 2 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत 2 भाग) ठरवलेली होती, थोड्या वेळासाठी 5. हा गॅस हवेपेक्षा दुपटीहून जड, खड्ड्यात आणि गटारीत साचतो. सोलापुरात टॉवेलला तोटा नाही, पण नाकावर बांधलेला टॉवेल हा गॅस अडवत नाही. ई प्रकारचं, पिवळ्या पट्टीचं काट्रिज असलेला मास्क लागतो. आगीत तोही पुरत नाही.

थोडी पावडर सांडली तर कोरड्या फावड्याने कोरड्या लोखंडी बादलीत भरून उघड्यावर न्या. पोछा, भुसा, चिंध्या नकोत. तिथे किलोला किमान 50 लिटर पाणी, त्यात थोडा सोडा ॲश, आणि पावडर हळूहळू त्यात सोडून ते पाणी ईटीपीला, म्हणजे कारखान्याच्या सांडपाणी शुद्धीकरणाला.

ड्रम कोमट लागला, धुरकट झाला, तर तो उघडू नका, उचलू नका. माणसं वारा जिकडून येतो त्या बाजूला काढा आणि 101 ला फोन करताना हायड्रॉस आहे हे स्पष्ट सांगा. वाळू टाकून किंवा कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर मारून हे विझत नाही, कारण त्याला बाहेरची हवा लागतच नाही. इथे मात्र लांबून होजने धो धो पाणी, न थांबता. एवढी सोय नसेल तर बादल्या घेऊन धावू नका, बाहेर पडा. 1995 साली अमेरिकेत न्यू जर्सीतल्या लोडी इथे हायड्रॉस आणि ॲल्युमिनियम पावडरच्या मिक्सरमध्ये पाणी गेलं. तापलेला माल बाहेर काढायला गेलेले कामगार स्फोटात सापडले, पाच जण गेले.

डोळ्यांत गेल्यास 15 मिनिटं वाहतं पाणी. अंगावर पडल्यास आधी कोरडी झटका, मग धुवा. गॅस लागलेल्या माणसाला मोकळ्या हवेत टेकून बसवा, 108 बोलवा. बरं वाटलं म्हणून घरी पाठवू नका. फुप्फुसात पाणी होण्याचा त्रास काही तासांनी सुरू होऊ शकतो. दमेकऱ्याला तर कमी गॅसही पुरतो.

राहिला रिकामा ड्रम. शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं, त्यामुळे हे ड्रम पाणी साठवायला घरोघर मागितले जातात. आतली पिशवी भरपूर पाण्यात बुडवून धुवा, ड्रम पाण्याने पूर्ण भरून ओता आणि भंगारात देण्याआधी बुडाला भोकं पाडा.