स्कूटीचे कागद : परवाना, नोंदणी आणि विम्यातल्या या चुका टाळा

सिग्नलवर पोलिसांनी अडवलं की डिजिलॉकर किंवा एम-परिवहनमधली आरसी (नोंदणी प्रमाणपत्र) दाखवली तरी चालते, आणि काही कमी असेल तर ई-चलान येतं. त्यामुळे कागद म्हणजे दंड टाळायची सोय, एवढाच समज होऊन बसतो. खरी तपासणी अपघातानंतर होते. विमा कंपनीचा माणूस परवाना, आरसी आणि पॉलिसी शेजारी शेजारी ठेवतो आणि तीन गोष्टी बघतो: गाडी कोणाच्या नावावर, चालवत कोण होतं, आणि त्या तारखेला त्या माणसाकडे त्या प्रकारच्या गाडीचा चालू परवाना होता का. तिन्ही कागद स्वतंत्रपणे बरोबर असूनही एकमेकांशी जुळत नसतील तर दावा अडतो. नाशिकमध्ये नेहमी दिसणाऱ्या बहुतेक चुका याच न जुळण्याच्या आहेत.

सोळाव्या वर्षी परवाना मिळतो, पण घरातली स्कूटी चालत नाही

मोटार वाहन कायद्याच्या कलम ४ नुसार सोळाव्या वर्षी परवाना मिळतो हे खरं. तो फक्त ५० सीसीपर्यंतच्या इंजिनच्या दुचाकीसाठी असतो. हा लुनाच्या काळातला नियम. आज शोरूममध्ये दिसणारी कुठलीही नेहमीची पेट्रोल स्कूटर ११० किंवा १२५ सीसीची असते, आणि साधी मोपेडही १०० सीसीच्या आसपास जाते. म्हणजे अकरावीतल्या मुलाच्या खिशात परवाना असला तरी घरातल्या ॲक्टिव्हावर तो विनापरवानाच.

इथे दंड मुलाला होऊन प्रकरण मिटत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९९ अ नुसार पालक किंवा गाडीमालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत शिकाऊ परवानाही मिळत नाही. क्लासला सोडायला वेळ नाही म्हणून चावी देताना हा हिशेब कोणी करत नाही.

लर्निंग म्हणजे अर्धं लायसन नव्हे

शिकाऊ परवाना सहा महिने चालतो. पक्क्या परवान्याची चाचणी शिकाऊ परवाना निघाल्यापासून तीस दिवसांनी देता येते. बरेच जण पाचवा महिना संपेपर्यंत थांबतात, मग सोयीचा स्लॉट मिळत नाही, मुदत संपते आणि अर्ज पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो. तीस दिवस झाले की सारथी पोर्टलवर (परवान्याच्या कामांचं सरकारी संकेतस्थळ) लगेच स्लॉट घ्यावा. एकदा नापास झालात तरी हाताशी वेळ राहतो.

लर्निंगवर मैत्रिणीला मागे बसवून गंगापूर रोडने कॉलेजला जाणं ही दुसरी नेहमीची चूक. मागे बसायची परवानगी फक्त शिकवणाऱ्याला आहे आणि त्याच्याकडे पक्का परवाना हवा. पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल 'एल' लागतो. पॉलिसीतही बारीक अक्षरात हेच लिहिलेलं असतं: शिकाऊ चालक चालेल, पण केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम ३ पाळलेला असेल तर. पाटी आणि मागची सवारी या दोन्ही गोष्टी म्हणून थेट दाव्यात येतात.

घरबसल्या आधारवर परीक्षा देताना एक गफलत होते. नाव, फोटो आणि पत्ता आधारवरून जसाच्या तसा उतरतो. नाशिकला भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या विद्यार्थ्याच्या आधारवर जळगावचा पत्ता असेल तर परवान्यावरही जळगावच येतं. (मालेगावकरांनी हेही लक्षात ठेवावं की त्यांचं कार्यालय वेगळं, एमएच ४१. पेठ रोडचं नाशिकचं कार्यालय एमएच १५.) आधारवरचा पत्ता आधी बदला, नाहीतर आधाराशिवाय अर्ज भरून कार्यालयात जाऊन परीक्षा द्या.

विनागिअरचाच परवाना काढून पुढे भावाची गिअरची मोटारसायकल चालवणं, हेही विनापरवाना चालवणंच आहे. उलटं चालतं: गिअरच्या परवान्यावर स्कूटी चालवता येते. पुढेमागे बाइक चालवायची शक्यता असेल तर सुरुवातीलाच गिअरच्या गाडीवर चाचणी दिलेली बरी.

चाळिशीतल्या लोकांनी आपला परवाना आज काढून तारीख बघावी. जुना वीस वर्षांचा परवाना बहुतेकांचा याच वयात संपतो. पूर्वी मुदत संपल्यावर तीस दिवसांची सवलत होती, २०१९ च्या दुरुस्तीत ती गेली. मुदत संपायच्या एक वर्ष आधीपासून नूतनीकरण करता येतं, आणि संपून एक वर्षापेक्षा जास्त काळ गेला तर पुन्हा चाचणी द्यावी लागते. वर्षाच्या आत केलं तरी मधले दिवस भरून निघत नाहीत, त्या काळातला अपघात विनापरवानाच धरला जातो. चाळीस वर्षांवरच्या अर्जदाराला फॉर्म १ अ, म्हणजे डॉक्टरचा दाखला लागतो.

'हिला नंबर लागत नाही' असं सांगून विकलेली ई-स्कूटर

नोंदणी, परवाना आणि विमा न लागणारी बॅटरीची गाडी कायद्यात आहे, पण तिच्या अटी एकाच वेळी पाळलेल्या असायला हव्यात: मोटरची ताकद पाव किलोवॉटपेक्षा कमी, कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी वगळून वजन ६० किलोपर्यंत. दुकानदाराकडे या मॉडेलचं मान्यताप्राप्त संस्थेचं, उदाहरणार्थ पुण्याच्या एआरएआयचं, प्रमाणपत्र मागा आणि त्यावरचं मॉडेलचं नाव बिलावरच्या नावाशी ताडून पाहा. फक्त माहितीपत्रकावर '२५ किमी' छापलेलं असणं पुरेसं नाही.

पुढची चूक विकत घेतल्यानंतरची. पेठ रोडचा किंवा त्र्यंबक रोडचा चढ चढत नाही म्हणून मेकॅनिककडून कंट्रोलर बदलून किंवा लॉक काढून वेग वाढवून घेतला जातो. त्या क्षणी ती गाडी कायद्याने मोटार वाहन होते, आणि तिला ना नंबर, ना विमा. पादचाऱ्याला धक्का लागला तर भरपाईचा सगळा भार चालवणाऱ्यावर. चढाचा रोजचा रस्ता असेल तर हिरव्या पाटीची, नोंदणी होणारी ई-स्कूटर घ्या. खाजगी ई-दुचाकीला थर्ड पार्टी विम्याच्या (समोरच्याचं नुकसान भरून देणारा विमा) हप्त्यात १५ टक्के सवलतही आहे.

जुनी गाडी: टीटीओ फॉर्मवर सही म्हणजे गाडी नावावर होणं नव्हे

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. ओळखीत स्कूटी विकली, पैसे घेतले, टीटीओ म्हणजे मालकी बदलाच्या फॉर्मवर, २९ आणि ३० वर, सह्या करून दिल्या, चावी दिली. घेणाऱ्याने फॉर्म डिकीत ठेवले आणि दोन वर्षं गाडी चालवली. या काळात आरसीवर नाव विकणाऱ्याचंच आहे. ई-चलान त्याच्या मोबाइलवर येतात ही किरकोळ गोष्ट. अपघात झाला तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणासमोरही मालक म्हणून तोच उभा राहतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हे स्पष्ट केलं आहे की नोंदणीत ज्याचं नाव, तोच कायद्याने मालक, गाडी मध्ये कितीही हात फिरली असली तरी.

राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्याने चौदा दिवसांत कळवायचं आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत नावावर करून घ्यायची. काम या क्रमाने केलं तर अडत नाही:

१. कर्ज पूर्ण फिटलेलं असलं तरी आरसीवर एचपी (गाडी बँकेकडे तारण असल्याची नोंद) तशीच असते. बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन ती आधी काढा. एनओसी जुनी झाली तर बँकेकडून पुन्हा आणावी लागते, म्हणून कर्ज फिटल्याबरोबर हे उरकावं.
२. वाहन पोर्टलवर मालकाचा मोबाइल नंबर चालू आहे का बघा. ओटीपी तिथेच जातो. जुनं सिम बंद पडलं म्हणून अर्ज अडणं हे रोजचं झालं आहे.
३. थकीत चलान भरा, पीयूसी आणि विमा चालू करा.
४. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवा. ती नसेल तर नाव बदल, पत्ता बदल, एचपी ही कामं थांबतात, म्हणून एचपी काढायची असेल तर प्लेट पहिल्या पायरीच्याही आधी बसवा. दुचाकीचा दर ४५० रुपये अधिक जीएसटी, एकूण ५३१. परिवहन विभागाच्या संकेतस्थळावरूनच बुकिंग करा, कारण जास्त पैसे उकळणारी हुबेहूब दिसणारी पानं आहेत.
५. मग फॉर्म २९ आणि ३० चा ऑनलाइन अर्ज. पावतीची प्रत विकणाऱ्याने स्वतःकडे ठेवावी.

वडिलांच्या माघारी त्यांची गाडी तशीच चालवत राहणं हाही त्याच जातीचा प्रकार. मृत्यूची माहिती तीस दिवसांत आणि फॉर्म ३१ चा अर्ज तीन महिन्यांत द्यायचा असतो. पॉलिसीही साधारणपणे तेवढाच काळ, तीन महिने किंवा मुदत संपेपर्यंत, यातलं जे आधी येईल तोवर, वारसांसाठी चालू राहते.

सुरत, वापी, सिल्वासाकडून स्वस्तात आणलेल्या गाड्या नाशिकमध्ये पुष्कळ. दुसऱ्या राज्याची गाडी इथे बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर इथला नंबर घ्यावा लागतो, मूळ कार्यालयाची एनओसी फॉर्म २८ वर लागते आणि महाराष्ट्राचा कर भरावा लागतो. घेण्याआधी हा खर्च धरला तर स्वस्ताई बरीच आटते.

पंधरा वर्षं झालेल्या स्कूटीच्या नोंदणीचं नूतनीकरण पाच वर्षांसाठी होतं, सोबत पर्यावरण कर. उशिरासाठी दुचाकीला दरमहा ३०० रुपये जादा लागतात. दोन-तीन वर्षं विसरलात तर जुन्या गाडीच्या किमतीइतकी रक्कम याच्यातच जाते.

पाच वर्षांचा विमा एका वर्षातच अर्धा संपतो

सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. शोरूमवाला 'पाच वर्षं बघायचं काम नाही' म्हणतो ते याच्याच भरवशावर. थर्ड पार्टीत समोरच्याचं नुकसान येतं. तुमच्या गाडीची चोरी, मोडतोड, पूर यासाठीचा स्वतःच्या नुकसानीचा भाग बहुधा एकाच वर्षाचा असतो. पॉलिसीच्या पहिल्या पानावर या दोन भागांच्या तारखा वेगवेगळ्या छापलेल्या असतात, त्या आजच बघा. स्वतःच्या नुकसानीचा भाग संपून नव्वद दिवस उलटले की नो क्लेम बोनसही (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत) जातो, आणि तो चढत चढत ५० टक्क्यांपर्यंत पोहोचलेला असू शकतो.

विमा नसताना गाडी चालवल्याचा दंड पहिल्यांदा २,००० आणि पुन्हा सापडल्यास ४,००० रुपये. ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीचा वर्षाचा थर्ड पार्टी हप्ता २०२२ च्या दरपत्रकानुसार ७१४ रुपये अधिक जीएसटी. नवी पॉलिसी मागच्या तारखेने मिळत नाही. तिच्यावर सुरू होण्याची वेळही छापलेली असते. सकाळी पडलात आणि दुपारी पॉलिसी काढली तर उपयोग शून्य.

आता नावांचा गोंधळ. स्कूटी बायकोच्या नावावर, चालवतो नवरा, हे घराघरातलं चित्र. सक्तीचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा 'मालक-चालका'चा असतो. तो बायकोला लागू, नवऱ्याला नाही. नवरा स्वतःच्या चुकीने घसरून पडला तर तो थर्ड पार्टीही ठरत नाही. फक्त थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर मागे बसलेल्याची जोखीमही त्यात आपोआप येत नाही. मागच्या सवारीसाठी आणि इतर चालकासाठी जादा हप्ता भरून संरक्षण घेता येतं. रक्कम किरकोळ असते, मागावं मात्र स्वतःला लागतं.

जुनी गाडी घेतली असेल तर आरसी नावावर करण्यासोबत चौदा दिवसांत विमा कंपनीकडेही अर्ज द्या. थर्ड पार्टी भाग गाडीबरोबर येतो, स्वतःच्या नुकसानीचा भाग कंपनीने नाव बदलून दिल्याशिवाय येत नाही. नो क्लेम बोनस विकणाऱ्याकडेच राहतो.

पॉलिसी हातात आली की चेसिस क्रमांक अक्षर-अक्षर ताडून पाहा. तो १७ अंक-अक्षरांचा असतो आणि त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात. पॉलिसीवर ओ दिसला तर समजा टाइप करणाऱ्याने शून्याच्या जागी तो दाबला आहे. कंपनीला आरसीची प्रत मेल करून दुरुस्तीचं एंडोर्समेंट (पॉलिसीला जोडायची बदलाची नोंद) मागा. दावा आल्यावर हीच दुरुस्ती मागायला गेलात की शंकेचं भिंग लागतं.

खाजगी पॉलिसीत भाड्याने किंवा मालवाहतुकीसाठी वापर बाद असतो. पार्सल पोहोचवणारे, दुधाचे कॅन लावणारे, बाजार समितीतून क्रेट आणणारे, सगळे यात येतात. हप्ता थोडा वाढला तरी खरा वापर सांगून योग्य पॉलिसी घ्या.

आणि पावसाळ्याचं. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की गंगाघाटावर लावलेल्या गाड्या पाण्यात जातात. दुतोंड्या मारुतीला (नाशिककर पुराची पातळी जिच्यावरून ओळखतात ती घाटावरची मूर्ती) पाणी लागल्याचे फोटो फिरू लागेपर्यंत उशीर झालेला असतो. स्वतःच्या नुकसानीच्या पॉलिसीत पूर येतो. पण पाणी ओसरल्यावर गाडी चालू होते का बघायला बटण दाबलं, की इंजिनात शिरलेल्या पाण्याने आतला कनेक्टिंग रॉड वाकतो. हे नुकसान पुराचं नसून चालू केल्यामुळे झालं, असं म्हणून कंपनी इंजिनचा खर्च नाकारते. गाडी आहे तिथे फोटो काढा, कंपनीला कळवा, किक किंवा बटण कशालाच हात लावू नका आणि टेम्पोत घालून वर्कशॉपला न्या. इंजिन संरक्षणाचं जादा कलम घेतलं असेल तरी हेच करायचं.