पायाच्या शस्त्रक्रियेसाठी निवासी डॉक्टर घडवताना

निवासी डॉक्टरच्या हाती सुरी देण्याआधी त्याच्याकडून रुग्णाचा पाय नीट तपासून घ्यावा. रुग्ण मधुमेही असल्यास १० ग्रॅमच्या मोनोफिलामेंटने (तेवढ्या दाबाला वाकणाऱ्या नायलॉनच्या बारीक तंतूने) संवेदना पाहणे, पावलावरची व घोट्याच्या आतल्या बाजूची नाडी चाचपणे आणि जखमेत बोथट सळई घालून ती हाडाला लागते का हे पाहणे, एवढे तरी त्याने आपल्यासमोर करून दाखवावे. रक्तपुरवठाच अपुरा असेल, तर सुबक टाके घालूनही जखम भरत नाही. अंगठ्याचा बाक दुरुस्त करण्याआधी, उभे राहून काढलेल्या एक्स-रेवर पहिल्या दोन मेटाटार्सल (बोटांमागच्या लांब) हाडांमधला कोन त्यालाच मोजू द्यावा आणि हाड कुठे कापायचे, याची कारणमीमांसा तोंडी मांडायला लावावी. चुकांची चर्चा त्याच दिवशी, पण रुग्णाच्या माघारी करावी.