गोड्या पाण्याच्या फिश टँकमध्ये मीठ: कधी घालायचं, किती घालायचं आणि परत काढायचं कसं

फिश टँक घरात आला की पहिल्या आठवड्यातच कुणीतरी सांगतं, "पाण्यात मूठभर मीठ टाक, मासे ठणठणीत राहतील." दुकानदार सांगतो, शेजारी सांगतात, कोकणात तर मीठ आणि मासे हे नातं इतकं घरचं आहे की कुणाला शंकाही येत नाही. माझं मत ठाम आहे: निरोगी माशांच्या गोड्या पाण्यात मीठ घालायचं नाही. मीठ हे औषध आहे. दुखणं असेल तेव्हा मोजून द्यायचं आणि दुखणं गेलं की काढून टाकायचं.

मीठ काम कसं करतं ते आधी समजून घ्या. गोड्या पाण्यातल्या माशाचं रक्त भोवतालच्या पाण्यापेक्षा बरंच खारट असतं, त्यामुळे पाणी सतत कल्ल्यांतून आणि कातडीतून त्याच्या अंगात शिरत राहतं. मासा ते पातळ लघवीवाटे बाहेर टाकतो आणि लागणारे क्षार कल्ल्यांतून ओढून घेतो. धडधाकट मासा हे जन्मभर करतो. जखमी किंवा आजारी मासा मात्र यातच थकतो, आणि पाण्यात थोडं मीठ असलं की त्याचे कष्ट कमी होतात. मुख्य फायदा आहे तो हाच. शेवाळ, गढूळपणा किंवा पाण्याचा पीएच यांवर मिठाचा उपयोग नाही. कोकणातल्या जांभ्यातल्या विहिरींचं पाणी बहुतेक मृदू असतं. ते "जड" करायला मीठ टाकतात, तेही चूक, कारण त्यासाठी कॅल्शियम लागतं आणि साध्या मिठात ते नगण्य असतं.

मीठ द्यायचे प्रसंग तीन. पहिला, अंगावर साखर भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके, म्हणजे इक. मिरगाचा पाऊस लागला की एका रात्रीत पाणी गार होतं आणि अशक्त माशांवर हा रोग नेमका तेव्हा दिसतो. दुसरा, नव्या टाकीत नायट्राइट, म्हणजे माशांच्या घाणीतून तयार होणारं विष, वाढणं. ते संपवणारे फिल्टरमधले जीवाणू अजून तयार झालेले नसतात, मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकतात. मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. यासाठी लिटरला एक ग्रॅम भरपूर झालं, पण सोबत पाणी बदलावंच लागतं. तिसरा, फाटलेले पर आणि खरचटलेली कातडी.

मीठ कुठलं? जाडं खडे मीठ, बिनमसाल्याचं. बारीक आयोडिनयुक्त मिठाने मासे मरतात ही भीती खोटी आहे, इतक्या प्रमाणात त्यातलं आयोडिन काही करत नाही. शिरोड्याकडच्या मिठागरांचं मीठही चालतं, फक्त त्यात माती असते. विरघळवून तासभर ठेवा, गाळ खाली बसला की वरचं नितळ पाणी घ्या.

समुद्राचं पाणी तांब्याभर ओतायचा सल्ला मात्र अजिबात ऐकू नका. खुल्या समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, पण तुम्ही पाणी भरणार खाडीच्या तोंडाशी. तिथे पावसाळ्यात वरचं पाणी जवळजवळ गोडं असतं, मे महिन्यात पार खारं, आणि भरती-ओहोटीबरोबर दिवसातही बदलतं. म्हणजे किती औषध दिलं हेच कळत नाही. वर जेटीजवळचं डिझेल फुकट.

कुणाला सोसत नाही तेही बघा. गप्पी, मॉली, गोल्डफिश यांना लिटरला तीन ग्रॅमपर्यंत काही होत नाही. मॉली तर निमखाऱ्या पाण्यातही राहते. टेट्रा, लोच आणि तळाशी बसणाऱ्या कोरीडोरासना जपून, लिटरला एक ग्रॅमच्या वर नको. कॅबोम्बासारखी नाजूक झाडं कुजतात. ती काढून वेगळ्या बादलीत ठेवा. दोन आठवडे त्या बादलीत मासा नसला की झाडांवर आलेले इकचे जंतू यजमान न मिळाल्याने मरतात.

टाकीची लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये मोजून गुणा, हजाराने भागा, लिटर मिळतात. ६० × ३० × ३० ची टाकी ५४ लिटरची, पण वाळू, दगड आणि वरची रिकामी जागा वजा केली की पाणी ४५ लिटरच्या आसपास. इकसाठी लिटरला दोन ग्रॅम म्हणजे ९० ग्रॅम मीठ. चमच्याने मोजू नका, खड्यांचा चमचा आणि बारीक मिठाचा चमचा यांत खूप फरक पडतो. स्वयंपाकघरातला वजनकाटा वापरा. तीन समान वाटे करा, दर बारा तासांनी एक, टाकीच्याच पाण्यात बादलीत विरघळवून फिल्टरच्या धारेपाशी सावकाश ओता. फिल्टरमध्ये झिओलाइटची (अमोनिया शोषणाऱ्या खड्यांची) पिशवी असेल तर आधी काढा, नाहीतर मिठामुळे तिच्यात साठलेला अमोनिया परत पाण्यात येतो. कार्बन राहू द्या.

आता जिथे सगळे अडखळतात, आणि मलाही जी गोष्ट नीट हातात यायला वेळ लागला, ती: मीठ टाकीतून स्वतःहून जात नाही. पाण्याची वाफ होते, मिठाची होत नाही. एप्रिल-मेमध्ये पंख्याखाली उघडी टाकी असेल तर पाणी दोन-दोन बोटं खाली जातं. तेव्हा "मीठ कमी झालं असेल" म्हणून खारं पाणी भरलं की प्रमाण वाढतच जातं, आणि मासे अंग घासायला, दडून बसायला लागले की रोग बळावला समजून लोक आणखी मीठ घालतात. म्हणून उपचार सुरू करतानाच काचेवर पाण्याच्या पातळीची खूण करा. आटलेलं पाणी नेहमी बिनमिठाचं भरा, खुणेपर्यंत. पाणी बदललंत तर मात्र जेवढं काढलं तेवढ्याचंच मीठ परत द्या: दहा लिटर काढलं, तर नव्या दहा लिटरमध्ये वीस ग्रॅम. हे दोन नियम वेगळे आहेत, त्यांची गल्लत होऊ देऊ नका.

ठिपके गेले म्हणून थांबूही नका. कातडीखाली शिरलेल्या जंतूला मीठ काही करत नाही. तो गळून तळाशी जातो, तिथे वाढतो, आणि त्यातून पाण्यात सुटलेली पोरं मिठाने मरतात. आपल्याकडच्या २७-२८ अंशांच्या पाण्यात शेवटचा ठिपका दिसेनासा झाल्यावरही किमान आठवडाभर मीठ ठेवा, एकूण चौदा दिवस धरा. कल्ले सुजलेले असतात, हवा सतत हवी. पावसात वीज जाणारच, तेव्हा बॅटरीवरचा एअर पंप घरात असू द्या.

मग काढणी. एका वेळी तीस टक्के पाणी बदललं तर मीठही तीस टक्केच जातं, उरलेल्यातून पुढच्या वेळी पुन्हा तीस टक्के. दिवसाआड तीन वेळा केलं तरी एक तृतीयांश मीठ टाकीतच राहतं. पाच वेळा बदला, तेव्हा दोन ग्रॅमचं अंदाजे ०.३४ ग्रॅम होतं. अंदाजावर राहायचं नसेल तर पेनासारखं टीडीएस मीटर घ्या, ते पाण्यात विरघळलेले क्षार मोजतं. मीठ घालण्यापूर्वीचा आकडा लिहून ठेवा, लिटरला एक ग्रॅम मिठाने तो ढोबळमानाने हजाराने चढतो, आणि जवळपास जुन्या आकड्यावर आला की काम झालं. खाडीकाठच्या घरांनी तर मीटर घ्यावाच. तिथल्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात, आणि तेच पाणी टाकीत भरलं तर न टाकता मीठ पडतं. अशा वेळी आतल्या बाजूच्या विहिरीचं पाणी आणा किंवा आरओचं पाणी मिसळा.

नुसती जखम असेल तर सगळी टाकी खारी करायची गरज नाही. मासा वेगळ्या टबात घ्या, लिटरला दोन ग्रॅम, पाच-सहा दिवस, रोज अर्धं पाणी त्याच प्रमाणाचं बदला.

टाकीचं जुनं पाणी आपण झाडांना घालतो, पण हे खारं पाणी अळवाला, तुळशीला, कुंडीतल्या रोपांना नको. माडाच्या आळ्यात ओतलं तर चालतं.