कायटन ओढू नका, जुनं एटीएम कार्ड वापरा

खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीत लाइव्ह रॉकबरोबर, म्हणजे जिवंत सूक्ष्मजीव असलेल्या समुद्री दगडाबरोबर, आलेला चपटा, लांबट जीव काचेला चिकटलेला दिसला की बरेच जण घाबरून तो उपटायला जातात. थांबा, आधी पाठ नीट बघा. कौलांसारख्या एकावर एक चढलेल्या 8 पट्ट्या आणि भोवती मांसल किनार असेल, तर तो कायटन. टोपीसारखा एकच शिंपला असेल, तर लिम्पेट, म्हणजे एक समुद्री गोगलगाय.

कायटन दगडावरचं आणि काचेवरचं शेवाळ खरवडून खातो, प्रवाळाच्या वाटेला सहसा जात नाही. माझं ऐकाल तर राहू द्या त्याला. काच घासताना हलवावाच लागला तर असं करा:

1. दिवे मालवून तासाभराने बघा. बहुतेक कायटन रात्री चरायला निघतात आणि चालताना त्यांची पकड सैल असते.
2. धुतलेलं जुनं एटीएम कार्ड किनारीखाली एका झटक्यात सरकवा. त्याने अंग दाबून घेतलं, तर जोर अजिबात लावू नका, दुसऱ्या रात्री बघा. ओढाताणीत पाय, म्हणजे चिकटायचा मांसल तळवा, फाटला की तो बहुधा वाचत नाही.
3. सुटल्यावर तो अंगाची गुंडाळी करतो. शेवाळलेल्या दगडावर पाठ वर करून ठेवा आणि पुन्हा चिकटेपर्यंत तिथेच थांबा. मऊ पोट उघडं दिसलं की मासे टोचतात.

माशांना पांढऱ्या ठिपक्यांचा रोग झाला, तर तांबं असलेलं औषध या टाकीत टाकू नका. कायटन मरेल. आजारी मासे वेगळ्या टाकीत हलवूनच उपचार करा.