स्किझोफ्रेनियासाठी मनोशिक्षण गट: परिणाम वर्षानुवर्षं टिकावा म्हणून

मनोशिक्षण म्हणजे आजार आणि त्याचे उपचार समजून घेण्याची सत्रं. म्युनिकमधल्या एका अभ्यासात शुभार्थींसाठी, म्हणजे आजार असलेल्यांसाठी, अशी आठ सत्रं घेतली गेली आणि त्यांच्या नातेवाइकांसाठी वेगळी आठ. वर्षभरात पुन्हा रुग्णालयात दाखल व्हावं लागलेल्यांचं प्रमाण नेहमीच्याच उपचारांवर असलेल्यांमध्ये ३८ टक्के होतं, तर गटात आलेल्यांमध्ये २१ टक्के. सात वर्षांनी ४८ जणांचा मागोवा घेतला तेव्हा हेच आकडे ८८ आणि ५४ होते. रुग्णालयात काढलेले दिवस सरासरी २२५ विरुद्ध ७५. नमुना लहान आहे हे खरं, पण औषधं चालू ठेवून जेमतेम आठ सत्रांची जोड दिल्यावर इतका फरक पडत असेल, तर गट नीट चालवायला शिकणं वाजवी आहे.

गटात ८ ते १० जण असावेत. तीव्र लक्षणं ओसरलेली हवीत, पण पूर्ण बरं होण्याची वाट पाहू नका. अर्धा तास एका जागी बसता येतं आणि दुसऱ्याचं बोलणं ऐकून घेता येतं, एवढं पुरे. चालवणारे दोघे लागतात: एक बोलतो, दुसरा चेहरे वाचतो. सत्र साठ मिनिटांचं, मध्ये थोडी विश्रांती. पहिली चार सत्रं दर आठवड्याला, पुढची चार दर महिन्याला. हे महिन्याचं अंतर मुद्दाम ठेवायचं. शिकलेलं घरी वापरून पाहायला आणि कुठे अडलं ते पुढच्या वेळी सांगायला वेळ मिळतो.

या आजारात लक्ष आणि स्मरणशक्ती दोन्हींवर ताण असतो, म्हणून एका सत्रात एकच मुद्दा घ्या आणि तो फळ्यावर ठळक लिहा. पाऊण तासाचं व्याख्यान देणं ही सगळ्यात नेहमीची चूक. सुरुवात प्रश्नाने करा: ‘आजारी पडण्याआधीच्या महिन्यात झोप कशी होती?’ बोलायची सक्ती नको आणि कुणी उठून बाहेर गेलं तर अडवू नका. कुणी गटात भास किंवा संशय सांगितला तर तो खरा की खोटा यावर वाद घालू नका. त्याने किती त्रास होतो आणि तो आला की काय करता, एवढंच विचारा.

औषधांचं सत्र सगळ्यात अवघड. गोळी बंद केली की दुसऱ्या दिवशी काही बिघडत नाही, उलट मरगळ जाते, बरं वाटतं. आजार उलटतो तो काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी, तेव्हा दोन्हींचा संबंध कुणाच्या लक्षातच येत नाही. हे कालरेषा काढून दाखवा. दुष्परिणाम आधी तुम्हीच मांडा: वजन वाढणं, झोपाळूपणा, पायांची अस्वस्थ चुळबुळ, लैंगिक अडचणी. शेवटच्या गोष्टीबद्दल आपणहून बोलणारे विरळाच, आणि पुष्कळदा गोळ्या बंद होतात त्या तेवढ्यासाठीच. डोस बदलण्याचा निर्णय मात्र गटात होत नाही, तो डॉक्टरांकडेच.

नुसत्या माहितीने गोळ्या नियमित होत नाहीत. म्हणून पाचव्या-सहाव्या सत्रात प्रत्येकाचं कार्ड तयार करा. त्यावर स्वतःची तीन पूर्वलक्षणं, म्हणजे आजार उलटण्याआधी दिसणाऱ्या खुणा, लिहायची, तीही नेमकी. ‘चिडचिड’ असं लिहिलं तर उपयोग नाही. ‘सलग दोन रात्री तीन तासांपेक्षा कमी झोप’ किंवा ‘फोन बंद करून ठेवणं’ असं हवं. खाली कुणाला कळवायचं, डॉक्टरांचा नंबर आणि किती दिवसांत गाठायचं ते. एक प्रत शुभंकराकडे, म्हणजे काळजी घेणाऱ्या घरच्या माणसाकडे, द्या, पण शुभार्थीच्या संमतीने.

नातेवाइकांचा गट वेगळाच ठेवा, दीड-दोन तासांचा. आपल्या संगोपनात खोट होती ही अपराधी भावना तिथे आधी मोकळी होऊ द्या. ती मनात असेपर्यंत सततची टोचणी किंवा अतिकाळजी कमी होत नाही, आणि घरातल्या अशा वातावरणाने आजार उलटण्याची शक्यता वाढते.

आजाराची समज वाढते तसं काहींना नैराश्य येतं. ‘आता आयुष्यभर असंच?’ हा प्रश्न आला की सत्राचा विषय बाजूला ठेवा. सत्र संपल्यावर त्या व्यक्तीशी एकट्याने बोला, आत्महत्येचे विचार येतात का हे थेट विचारा, आणि येत असतील तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा, तोवर एकटं सोडू नका.

आठवं सत्र झालं म्हणून गट मोडू नका. सहा महिन्यांनी एक उजळणी ठेवा आणि कार्ड सोबत आणायला सांगा. पूर्वलक्षणं बदललेली असू शकतात, आणि निदान एखाद्या कार्डावरचा फोन नंबर तरी जुना निघतोच.